उलट्या लावलेल्या तीन पेट्या

त्या खाणीला खाण म्हणावं की खड्डा, यावरून आमच्या रियाधच्या ऑफिसात चेष्टा चालायची. तिथल्या ओलाया भागातल्या काचेच्या इमारतीत बसलेल्या लोकांना ते सोपं होतं. जेद्दाहहून सहा-सात तास गाडी हाकल्यावर डांबर संपायचं, मग दीड तास वाळूतली वाट, आणि मग ती तांबडी टेकडी दिसायची. टेकडीच्या कुशीत दोन पायऱ्यांचा उघडा खड्डा, शेजारी पत्र्याच्या आठ-दहा केबिन, पाण्याची टाकी, जनरेटर आणि एक लांबलचक शेड. एवढीच आमची निकेलची खाण. मी तिथला भूवैज्ञानिक होतो.

मी नाशिक जिल्ह्यात वाढलो. आमच्याकडे विहीर खणली की काळा दगड, डोंगर चढलं की काळा दगड, देवळाची पायरी काळ्या दगडाची. पुण्यात भूविज्ञान शिकलो तेव्हाही बहुतेक सहली त्याच बेसॉल्टवर गेल्या. त्यामुळे त्या टेकडीवर पहिल्यांदा हातोडा मारला तो दिवस मला लख्ख आठवतो. वर गंजलेल्या लोखंडासारखं तांबडं, स्पंजासारखं सच्छिद्र कवच. ते फोडलं की आत भेगांमधून पोपटी रंगाची पिठासारखी पूड, म्हणजे खाली निकेल आहे याची वर्दी. त्याखाली हिरवट काळा, हाताला साबणासारखा निसटणारा सर्पेंटाइन. आणि त्याच्याही खाली, जिथे ऊन-पाणी कधी पोचलं नाही तिथे, धातूसारखं चमकणारं खरं खनिज.

हे खनिज तिथे कसं आलं हे मी नव्या माणसाला तुपाच्या उदाहरणाने सांगायचो. लोणी कढवलं की तूप वर राहतं आणि बेरी तळाशी बसते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे वितळलेला दगड असाच साचला होता. त्यातला गंधकाचा आणि धातूंचा जड अंश हळूहळू तळाशी उतरला. म्हणून वरून खाली जाताना आधी दगडात खनिजाचे तुरळक ठिपके दिसतात, मग ठिपक्यांची जाळी होते, आणि अगदी तळाशी नुसतं भरीव खनिज लागतं. आधी ठिपके, मग जाळी, मग भरीव. हा क्रम लक्षात ठेवला तरी माझ्या निम्म्या नोकरीचं काम भागायचं.

जमिनीखालचं हे सगळं बघायचं तर ड्रिल लावून दगडाचा मनगटाएवढा जाड, लांब दांडा बाहेर काढतात. त्याला आम्ही कोर म्हणतो. ड्रिलवरची माणसं तो कच्च्या लाकडी पेट्यांमध्ये ओळीने ठेवायची आणि मधे मधे खोलीचा आकडा लिहिलेला लाकडाचा ठोकळा घालायची. मग त्या पेट्या शेडमध्ये यायच्या. तिथे प्रत्येक तुकडा धुवायचा, शेजारच्या तुकड्याशी जुळवायचा, पक्क्या पेटीत लावायचा आणि पेटीवर नंबर आणि बाण रंगवायचा. हे काम चाचांचं.

सगळा कँप त्यांना चाचाच म्हणायचा. दापोलीच्या पुढे खाडीकाठच्या गावचे, पन्नाशी उलटलेले, बारीक अंगकाठीचे. घराण्याचा धंदा होड्या बांधण्याचा. लाकडी होड्यांची कामं कमी झाली तसे ते इकडे आले, आधी जेद्दाहला सुतारकाम केलं आणि मग फिरत फिरत या शेडमध्ये पोचले. दोन तुकडे हातात घेतले की अंगठा तोंडावरून फिरवायचे आणि न बघता सांगायचे, जोडी आहे की नाही. "आमच्याकडं फळीला फळी अशीच लावतात साहेब," असं म्हणायचे, "पाणी आत आलं तर बापाची इज्जत जाते."

मी आल्यापासून आमचं चांगलं जमलं. त्या कँपात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. संध्याकाळी चहा घेऊन मी शेडमध्ये जायचो आणि ते एकेक तुकडा पुढे करून विचारायचे, हे काय, ते काय. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. ज्या खनिजाला लोहचुंबक चिकटायचं तो चुंबक्या. तांब्याचं पिवळंधमक खनिज म्हणजे हळद्या. ज्याच्यात खरं निकेल असतं ते फिकट पितळी खनिज चुंबक्याच्या आतच लपलेलं असायचं आणि त्याला चुंबक चिकटायचं नाही. त्याला ते नवरदेव म्हणायचे, कारण सगळी वरात त्याच्यासाठी आलेली. सर्पेंटाइन म्हणजे सापाची कात. काही महिन्यांनी मीही वहीत नोंद करताना मनात हीच नावं घ्यायला लागलो. मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो, तेही मला. मला वाटायचं, मी फार मोकळ्या मनाचा माणूस आहे.

त्या दिवशी दुपारी ड्रिलवरच्या फोरमनचा वॉकीटॉकीवर निरोप आला की भरीव खनिज लागलंय, पेट्या घेऊन जा. पेट्या आणायचं कामही चाचांचंच, पण ते जुहरच्या नमाजाला गेले होते. अर्ध्या तासात आले असते. मला अर्धा तास धीर धरवला नाही. दोन वर्षांत एवढं चांगलं खनिज ड्रिलच्या कुठल्याच भोकात लागलं नव्हतं. मी पिकअप काढली, स्वतः ड्रिलवर गेलो, चार पेट्या मागे चढवल्या आणि निघालो.

मागचं फळकूट मी नीट लावलं नव्हतं. कोरड्या ओढ्याच्या चढावर गाडीने आचका दिला आणि मागे धडधड आवाज झाला. उतरून बघितलं तर चारपैकी तीन पेट्या वाळूत पालथ्या पडल्या होत्या. नेमक्या खनिजाच्या तीन. तुकडे पसरले होते, ठोकळे उडाले होते.

अशा वेळी काय करायचं हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. कशाला हात लावायचा नाही, फोटो काढायचे, माणसं बोलवायची, आणि पेट्या पडल्या असं नोंदवहीत लिहायचं. मी यातलं काहीही केलं नाही. डोक्यावर ऊन होतं, तापलेला दगड बोटांना चटके देत होता, आणि कुणी बघायच्या आत हे आवरावं एवढंच मला वाटत होतं. मी गुडघ्यांवर बसून तुकडे जुळवले. ते एकमेकांना छान जुळले. पण ती सगळी माळ कुठल्या टोकाने सुरू होते हे त्यात लिहिलेलं नव्हतं. गाडीत राहिलेल्या चौथ्या पेटीच्या शेवटच्या तुकड्याशी ताडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी अंदाजाने लावलं, अंदाजाने ठोकळे खुपसले आणि शेडमध्ये आलो.

चाचा नमाजाहून परतले होते. ओशाळून म्हणाले, "साहेब, मी आलोच होतो. तुम्ही कशाला दगदग केलीत?"

"काही नाही, जरा बघायचं होतं," मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतंही. पण ते लगेच पेट्या उतरवायला लागले आणि मी केबिनमध्ये हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर धुऊन, पक्क्या पेट्यांत लागून टेबलावर तयार होता. मी बघायला वाकलो आणि चकित झालो. आधी भरीव खनिज, मग जाळी, मग ठिपके. क्रम बरोबर उलटा. आता खरं सांगायचं तर मी पेट्या पडल्याचं विसरलो नव्हतो. ती गोष्ट मला पूर्ण आठवत होती. पण त्याच वेळी डोक्यात दुसरा एक विचार आला आणि तो इतका देखणा होता की पहिल्याकडे मी पाठ फिरवली. इथला सगळा थरच उलटला असेल तर? जमिनीच्या जुन्या हालचालींत थराची घडी पडून तो पालथा झाला असेल तर? असं घडतं, पुस्तकांत आहे. आणि तसं असेल तर थराचं खोल टोक पश्चिमेला नाही, पूर्वेला शोधायला हवं. हे आजवर कुणालाच सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं.

चाचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. म्हणाले, "साहेब, जरा ही गम्मत बघा. ह्या पेटीच्या आधीच्या तुकड्याचं तोंड नि ह्याचं तोंड जुळत नाय. तिकडं शेवटालाही, रात्री आलेल्या पेटीशी, नाय जुळत. मधले सगळे जुळतात."

"ड्रिलमध्ये टोकं घासली जातात, चाचा."

"घासलं तर गुळगुळीत होतं ना? हे तर तुटलेलं हाय." त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. "मला वाटतं मधला सगळा माल उलटा लागला. फिरवून बघू काय?"

मी ताडकन म्हणालो, "तू दगड उचल. दगड वाचायला कंपनीने मला ठेवलंय."

तू. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तू म्हणालो, तेही शेडमधले दोन मदतनीस ऐकत असताना. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आवाज कुठल्याही भाषेत कळतो. चाचांनी हातातला तुकडा हळूच पेटीत ठेवला. "बरं साहेब," म्हणाले, आणि पाण्याची नळी गुंडाळायला लागले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ओलायातल्या त्या काचेच्या इमारतीत उभा राहून उलटलेल्या थराचा नकाशा पडद्यावर दाखवला. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, नजर आहे या माणसाला. परतताना जेद्दाहला अझीझियातल्या घरी थांबलो. बायकोने खास बासुंदी केली. मुलीने शाळेतून आल्यावर विचारलं, "बाबा, यू डिस्कव्हर्ड समथिंग?" मी हो म्हणालो. ताटावर बसून त्या दोघींना थर कसा उलटतो हे पोळीची घडी घालून समजावलं.

माझ्या नकाशाप्रमाणे पूर्वेला तीन भोकं पाडली. पहिल्यात सापाची कात. दुसऱ्यात सापाची कात. तिसरं मी हट्टाने ठरल्यापेक्षा खोल नेलं, त्यातही कातच. निकेलचा एक ठिपका नाही. ड्रिलवरची माणसं माझ्याशी बोलताना नजर चुकवायला लागली. आणि मग रियाधहून फोन आला की वरिष्ठ भूवैज्ञानिक सगळा कोर पुन्हा तपासायला येत आहेत.

त्या पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफ शहरच्या होत्या. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण काम कितीतरी मोठं. फार बोलायच्या नाहीत. आल्या त्या थेट शेडमध्ये गेल्या, बूट आणि हातमोजे चढवले आणि दीड दिवस एकेक पेटी बघत राहिल्या. मी मागे मागे फिरत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी त्या त्याच पेट्यांपाशी थांबल्या. जोडावर अंगठा फिरवला, अगदी चाचांनी फिरवला तसा. मग एक लांब रिकामी पेटी मागवली आणि तिन्ही पेट्यांतले तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक करून लावले. पहिला तुकडा आधीच्या पेटीतल्या तुकड्याला टेकवला आणि तो टक् करून बसला. दुसऱ्या टोकालाही तसंच. दगड पुन्हा अखंड दिसायला लागला. आधी ठिपके, मग जाळी, मग भरीव.

"थर सुलटा आहे," त्या म्हणाल्या. "पेट्या उलट्या आहेत. कोणी लावल्या?"

शेडमध्ये मी होतो, चाचा होते, त्यांचे दोन मदतनीस होते. मी म्हणालो, "पेट्या इथे शेडमध्येच लावतात."

व्याकरणाच्या हिशेबात ते खोटं वाक्य नव्हतं. असं वाक्य मला तयार करायला एक क्षणही लागला नाही.

त्यांनी चाचांकडे वळून अरबीत विचारलं. चाचा इतक्या वर्षांच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले की सगळ्या पेट्या मीच लावतो, दुसरं कोणी हात लावत नाही, तेव्हा चूक माझीच असणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते माझ्याकडे बघतील. तोंडं जुळत नाहीत म्हणून झालेलं ते बोलणं आठवून तरी बघतील. पण त्यांची नजर पेटीवर होती. ते मला वाचवत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांची आहे. कच्च्या पेटीतून पक्क्या पेटीत लावताना आपणच माळ फिरवली, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी आपल्याला तोंडं जुळताना दिसली नाहीत, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला होता. माझ्याकडून चूक होऊ शकते ही शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हतीच.

मॅडमनी कोणाला रागावलं नाही. नोंदवहीत चूक आणि चाचांचं नाव लिहिलं, पेट्यांचे फोटो काढले आणि पुढची भोकं पश्चिमेला पाडायला सांगितली. माझ्यापुरतं एवढंच म्हणाल्या, "जोड तपासायला हवे होते." मी मान खाली घातली आणि मनातून सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाचीही मला आज लाज वाटते.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. दुपारी चाचा माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले. हातात झाकलेला डबा. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोकम घातलेलं सुरमईचं कालवण. मासे जेद्दाहहून येणाऱ्या गाडीतून त्यांनी बर्फात मागवले होते.

"साहेब, माझ्यापायी तुमची नामुष्की झाली," ते म्हणाले. "रियाधपर्यंत नाव गेलं होतं तुमचं."

"अहो जाऊ द्या चाचा, होतं असं."

"नाय, होत नाय. माझ्याकडून होत नव्हतं." त्यांनी आपला अंगठा उलटसुलट करून बघितला. "डोळे गेले काय कळत नाय. का हात गेले."

मी डबा घेतला. त्यांनी माफी मागितली आणि मी ती दिली. दार लावून मी ते कालवण जेवलो, सगळं, भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने डबा पुसून. चव आठवते. फार चांगलं झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेडमधून बदली मागून घेतली आणि पाण्याचा टँकर चालवायला लागले. शेडमध्ये दुसरी माणसं आली. मी चहा घेऊन तिकडे जायचं बंद केलं. टँकर समोरून आला की चाचा हात वर करायचे, मीही करायचो. पश्चिमेच्या पहिल्याच भोकात भरीव खनिज लागलं. सगळ्या कँपात मिठाई वाटली, चाचांनाही दिली. पुढे चार-पाच महिन्यांनी कळलं की कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी, बोलून त्यांनी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बदलून घेतला आणि जेद्दाहला मेहुण्याच्या दुकानात गेले.

घरी मी बायकोला सांगितलं होतं की शेडमधल्या चुकीमुळे माझा नकाशा फसला. ती म्हणाली, "चाचांची चूक? तू तर म्हणायचास, त्यांच्यासारखा नीटनेटका माणूस नाही." मी म्हणालो, वय झालंय त्यांचं. खोटं एकदा बोललं की त्याला जेवू घालावं लागतं. मी ते घरीही पोसत होतो.

मेहुण्याचं दुकान अझीझियातच निघालं, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. बायकोला पोहे आणि कोकम हवं होतं, कोणीतरी सांगितलं तिथे मिळतं. मला ठाऊक नव्हतं ते कोणाचं दुकान आहे. आत गेलो तर चाचा मांडणीपुढे स्टुलावर बसून डाळींच्या पाकिटांवरच्या तारखा वाचत होते. एक पाकीट वाचलं, ठेवलं, पुन्हा उचलून वाचलं. मला बघून चेहरा उजळला. "साहेब! वहिनी बऱ्या आहेत?" त्यांनी आतून चहा मागवला.

मेहुणा गल्ल्यावरून हसत म्हणाला, "ह्यांना तुम्ही तिकडं काय केलंत? एक मांडणी लावायला सकाळ जाते. स्वतः लावतात, मग मला बोलावतात, बघ म्हणतात बरोबर हाय काय."

चाचा ओशाळे हसले. "एकदा चूक झाली ना साहेब. आता हातावर भरवसा नाय."

चहाचा ग्लास माझ्या हातात होता. मी तो मांडणीवर ठेवला आणि म्हणालो, "चाचा, बाहेर येता जरा?"

दुकानाच्या बाजूला गल्लीत सावली होती. तिथे उभं राहून मी सांगितलं. फळकूट, ओढा, वाळूत पालथ्या पेट्या, अंदाजाने लावलेली माळ, सगळं. मधे त्यांनी एकदाही अडवलं नाही.

माझं संपल्यावर विचारलं, "मी तवा कुठं होतो?"

"जुहरला गेला होतात."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मी नमाजात होतो तवा ते झालं. नि नंतर इतके महिने मी नमाजात माफी मागतोय. ती कोणाच्या चुकीची मागत होतो साहेब?"

मी म्हणालो, "मला माफ करा."

"ते मी नंतर बघीन." आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. "तुम्ही मला तू म्हणालात, ते मी त्याच दिवशी सोडलं. कामात माणूस बोलतो. पण तवाच तुम्हाला म्हाईत होतं. मॅडम आल्या तवाही म्हाईत होतं. माझं कालवण जेवलात तवाही."

"हो."

"मॅडमना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? त्यांच्या वहीत माझं नाव हाय. माझ्या वहीत नाय."

मी सांगतो म्हणालो. ते आत गेले. मी पोहे न घेताच घरी आलो आणि बायकोला सांगितलं की दुकान बंद होतं. एवढं झाल्यावरही मी तिला खोटंच सांगितलं.

मॅडमना मेल लिहायला मला नऊ दिवस लागले. चार ओळींचा मजकूर होता. दर वेळी मी त्यात काहीतरी घालायचो. ऊन फार होतं, घाई होती, दबाव होता. मग पुसायचो. शेवटी चार ओळीच पाठवल्या. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"हे तेव्हा शेडमध्ये सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी तुम्हाला एक कप चहा देऊन विषय संपवला असता. पेट्या सगळ्यांच्या पडतात. माझ्याही पडल्यात." मग विचारलं, "त्या माणसाचा नंबर आहे तुमच्याकडे?"

मी नंबर दिला. त्यांनी चाचांना स्वतः फोन केला, ही गोष्ट मला खूप नंतर कळली. नोंदवहीतलं पान दुरुस्त केलं आणि त्याचा फोटो त्यांना पाठवला. शेडमध्ये परत या म्हणून विचारलं. चाचा नाही म्हणाले. मात्र नव्या माणसांना कोर जुळवायला शिकवण्यासाठी एक आठवडा याल का, असं विचारल्यावर गेले. त्या वेळी मी तिथे नव्हतो. वर्षाच्या शेवटी माझा करार वाढवला गेला नव्हता. कारण लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. त्या आठवड्याबद्दल मला ड्रिलच्या फोरमनने सांगितलं. चाचा टेबलाच्या टोकाला उभे राहून सहा माणसांना अंगठा कसा फिरवायचा ते दाखवत होते, आणि चुंबक्या, हळद्या, नवरदेव ही नावं आता शेडमधली पेशावरची माणसंही घेतात.

बायकोला खरं सांगितलं ते त्या मेलनंतर. ती म्हणाली, "मी त्या माणसाला न बघता म्हातारा ठरवलं. तुझ्यामुळे." मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तिच्या बाबांनी एक उलटलेला थर शोधला होता. तिने तो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलाय, खाली माझं नाव लिहून. तो कागद कपाटावर चिकटवलेला आहे. सांगायला हवं. रोज ठरवतो.

आता मी रियाधमध्ये एका सल्लागार कंपनीत काम करतो. दुसऱ्यांनी काढलेल्या कोरचे फोटो पडद्यावर बघायचे आणि अभिप्राय लिहायचा. दगडाला हात लावायची वेळ क्वचित येते. ईदला मी चाचांना फोन करतो. ते उचलतात. कधी दुसऱ्या रिंगला, कधी कितीतरी वेळाने. दोन्हीकडच्या तब्येती विचारून होतात, गावाकडे घराचं छप्पर झालं का ते मी विचारतो, मुलगी कितवीत आहे ते ते विचारतात. साहेब म्हणायचं त्यांनी सोडलेलं नाही. दगडाचा विषय मात्र निघत नाही. मागच्या ईदला मी धीर करून म्हणालो, "चाचा, तुम्ही म्हणाला होतात नंतर बघीन."

पलीकडे दुकानातला आवाज येत होता, कोणीतरी तांदळाचा भाव विचारत होतं.

"अजून बघतोय साहेब," ते म्हणाले. मग गिऱ्हाईकाला काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाले, "ठेवतो आता. वहिनींना सलाम सांगा."